सवलतीचे पैसे कोणाच्या खिशातून? हॉर्नबी रोडवरच्या सेलचे प्रकरण

दुकानात सेल लागतो तेव्हा गिऱ्हाईक पाटीवरचा टक्का वाचते आणि काउंटरमागचा माणूस मागच्या फळीवर किती ताके उरलेत ते मोजतो. मी काही वर्षे कापडाच्या दुकानात काउंटरला उभा राहिलो आहे. ताके उलगडून दाखवायचे, पुन्हा गुंडाळून फळीवर चढवायचे, आणि सेल जवळ आला की मालकाने लाल पेन्सिलीने चिठ्ठ्यांवरचे जुने भाव खोडून नवे लिहायचे. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. हे वीस-पंचवीस टक्के जे कमी झाले, ते नेमके कोणी सोसले? दुकानदाराने, गिरणीने, की दोन महिन्यांपूर्वी पूर्ण भाव मोजून माल घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाने?

या प्रश्नाचा अभ्यास करायला मुंबईत एक फार चांगली जागा आहे. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, व्हाइटवे लेडलॉ या इंग्रजी कंपनीचे मोठे दुकान होते. कापड, तयार कपडे, टोप्या, बूट, गाद्या-पडदे, आणि त्याच छताखाली ट्रंका, दिवे, सुऱ्या-काटे, इनॅमलची भांडी, असे घरात लागणारे सगळे. त्याच इमारतीत पुढे खादी भांडार आले. कमानी त्याच, फूटपाथ तोच, आणि दोन्ही दुकानांचे सेल गाजलेले. पण एका सेलचे पैसे जिथून येत, तिथून दुसऱ्याचे येत नव्हते.

दुकान कसे होते

कंपनी १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. एडवर्ड व्हाइटवे आणि रॉबर्ट लेडलॉ हे दोन भागीदार. लेडलॉ स्कॉटलंडच्या सीमाभागातला, १८५६ चा जन्म, १८७७ मध्ये हिंदुस्थानात आलेला. पुढे तो १९०६ ते १९१० ब्रिटिश संसदेत लिबरल पक्षाचा सभासद होता, अफूच्या व्यापाराविरुद्ध बोलत असे, आणि १९०९ मध्ये 'सर' झाला. कलकत्त्यात चौरंगीवर घुमटाची जी प्रचंड इमारत आज मेट्रोपॉलिटन बिल्डिंग म्हणून ओळखली जाते, ती या कंपनीचीच. मुंबई, मद्रास, लाहोर, सिमला, रंगून, सिंगापूर, शांघाय अशी शाखांची रांग पसरत गेली.

या दुकानाचे सगळे वेगळेपण एका नियमात होते: उधारी नाही. आपल्याकडे किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते, तसे. त्यावरून इंग्रजांनीच कंपनीच्या नावाला यमक जुळवून टोपणनाव पाडले होते, 'राइट अवे अँड पेड फॉर'. लगेच न्या, पण पैसे मोजून न्या. हे नाव पडावे इतका तो नियम त्या काळी नवा होता. गोरे अंमलदार आणि लष्करी अधिकारी दुकानात सही करून माल उचलत आणि बिले महिनोन्महिने थकवत. बदली झाली, बोटीत बसून विलायतेला गेले, की बिल बुडाले. उधारीवर चालणारी दुकाने ही बुडीत रक्कम सगळ्यांच्याच भावात आधीपासून धरून ठेवत. व्हाइटवेने उधारी बंद केली, म्हणून बुडिताचा हिस्सा भावातून काढता आला आणि माल स्वस्त देता आला.

त्यामुळे इथे येणारे गिऱ्हाईकही निराळे होते. १८९१ मध्ये काळा घोड्याजवळ उघडलेले आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हे सभासदांचे दुकान, बड्या अधिकाऱ्यांचे. व्हाइटवेकडे रेल्वेतले गार्ड, तारखात्यातले कारकून, अँग्लो-इंडियन कुटुंबे, पारशी गृहस्थ, शिकलेले हिंदी नोकरदार येत. महिन्याचा पगार हातात आला की येणारी ही माणसे. मुंबईबाहेरच्यांसाठी पोस्टाची व्ही. पी. होती. ही सोय हिंदुस्थानात १८७७ पासून सुरू झाली होती. कॅटलॉग बघून पत्र टाकायचे, पार्सल आले की पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मगच दोरी सोडायची. उधारी न देणाऱ्या दुकानाला याहून सोयीची व्यवस्था मिळाली नसती.

एकच भाव, म्हणूनच सेल

मंगळदास मार्केटात किंवा मूळजी जेठा मार्केटात त्या काळी सेल नावाचा प्रकार नसे, आणि त्याची गरजही नव्हती. तिथे सवलत रोजच चालू असे. प्रत्येक गिऱ्हाइकाशी घासाघीस व्हायची. ओळखीच्याला एक भाव, पहिल्यांदा आलेल्याला दुसरा, भवानीच्या वेळी आलेल्याला तिसरा. माल पडून राहतोय असे दिसले की व्यापारी त्या ताक्याचा भाव गुपचूप उतरवी आणि शेजारच्या गाळ्यात कळतही नसे. लोहार चाळीत बिजागऱ्या-खिळे घेतानाही तीच रीत.

व्हाइटवेसारख्या दुकानात चिठ्ठीवर छापलेला भाव म्हणजे भाव. काउंटरवरच्या माणसाला एक आणाही सोडायचा अधिकार नाही. हा नियम गिऱ्हाइकाला आवडतो, कारण फसवणूक होणार नाही याची खात्री मिळते. पण दुकानदाराचे हात त्याने बांधले जातात. वर्षभर भाव वाकणार नसेल, तर तो कधीतरी एकदम, सगळ्यांसमोर आणि सगळ्यांसाठी वाकवावा लागतो. वर्षभर न केलेली सगळी घासाघीस एका पंधरवड्यात गोळा झाली की तिलाच सेल म्हणायचे. मला हे फार उशिरा कळले, आणि कळल्यावर सेलकडे बघायची नजरच बदलली.

दुसरे कारण उधारीचे. खतावणीत नाव असलेले गिऱ्हाईक त्या दुकानाशी बांधलेले असते. मागची बाकी द्यायला येते आणि नवी खरेदी करून जाते. रोखीच्या गिऱ्हाइकाला असा कुठलाच दोर नसतो. आज इथे घेतले, उद्या समोरच्या दुकानात घेईल. त्याला ठरावीक काळाने परत बोलवायला काहीतरी हाक द्यावी लागते. ती हाक म्हणजे वर्तमानपत्रातली सेलची जाहिरात. या कंपनीच्या शाखा पूर्वेच्या ज्या ज्या शहरात होत्या, तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तिच्या वार्षिक सेलच्या जाहिराती ठळकपणे येत.

तीन कोट

आता हंगामाकडे येतो, कारण प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

आपल्या कापड व्यापाराचे वर्ष पंचांगावर चालते. लग्नसराई संपली की आषाढ, मग चातुर्मासाची मंदी, गणपतीपासून पुन्हा हालचाल, दसरा-दिवाळीला गल्ला भरतो. हॉर्नबी रोडचे वर्ष सरकारच्या मुक्कामावर चालायचे. हिवाळ्यात गव्हर्नर मलबार हिलवर, उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत. त्यांच्यामागे अंमलदार आणि त्यांची कुटुंबे जात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईत नाताळ, नाच, शर्यती, नवी माणसे. मार्च सरला की निम्मे गिऱ्हाईक गावातून निघून गेलेले.

आणि माल तर कित्येक महिने आधी मागवलेला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर अंतर पुष्कळ कमी झाले, तरी विलायतेतल्या गिरणीला किंवा कारखान्याला मागणी कळवायची, तिथे माल तयार व्हायचा, पत्र्याचे अस्तर लावलेल्या लाकडी खोक्यांत भरायचा, बोटीत चढायचा, मुंबईच्या गोदीत उतरायचा, जकात भरायची, यात महिने जात. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात कुठला रंग चालेल, थंडी किती पडेल, किती नवी कुटुंबे येतील हे व्यवस्थापकाने आधीच्या पावसाळ्याच्याही आत ठरवायचे. असा अंदाज तंतोतंत जमवणारा माणूस मी पाहिलेला नाही.

चुकलेला माल मुंबईत सांभाळून ठेवता येत नाही, ही आणखी एक अडचण. लंडनमधला दुकानदार उरलेला लोकरी कोट पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवू शकतो. इथे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कपाटातल्या चामड्याला बुरशी, लोकरीला कसर, रेशमावर डाग. लोखंडी सामानाची फॅशन जात नाही, पण समुद्राच्या हवेने सुरीच्या पात्यावर तांबूस ठिपके येतात आणि ट्रंकेच्या बिजागरीला गंज चढतो. शिवाय बादल्या-ट्रंका जागा खातात. नव्या मालाची खोकी गोदीतून निघालेली असताना जुन्या ट्रंकांचा ढीग हलवणे भाग असते.

हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी आहेत, पण विनिमयाचा दर खरा आहे. १८९८-९९ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर होता (१२ पेन्सचा एक शिलिंग). म्हणजे विलायतेत १० शिलिंगांना पडलेला कोट इथे साडेसात रुपयांचा, रु. ७-८-० (रुपये-आणे-पै, सोळा आण्यांचा रुपया). बोटभाडे, जकात सोडून देऊ. दुकानदाराने दीडपट भाव लावला: रु. ११-४-०. असे दहा कोट मागवले, घरात ७५ रुपये गुंतले. हंगामात सात खपले, रु. ७८-१२-० गल्ल्यात आले. म्हणजे हंगामभर काउंटरला उभे राहून हाती नफा लागला पावणेचार रुपये, आणि तीन कोट फळीवर.

आता ते तीन कोट कसरीला घालायचे की काढायचे? पाव भाव उतरवला तर एक कोट रु. ८-७-० ला जातो. तिन्हींचे रु. २५-५-०. एकूण नफा पावणेचारवरून रु. २९-१-० वर गेला. हंगामात विकलेल्या सात कोटांनी दहाही कोटांची खरेदी भरून काढली होती. सेलमध्ये आलेला पैसा जवळजवळ सगळाच कमाईचा.

म्हणजे त्या सवलतीचे पैसे कोणी दिले? डिसेंबरमध्ये रु. ११-४-० मोजून गेलेल्या सात जणांनी. त्यांना नाताळच्या नाचाला कोट हवा होता, थांबून चालणार नव्हते. तीन जणांनी मार्चपर्यंत दम धरला. तारखात्यातल्या कारकुनाची बायको जर मनाने पक्की असेल, तर ती दरवर्षी या तिघांतली एक असणार. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. सातांना वेळेवर वस्तू मिळाली, तिघांना स्वस्त मिळाली, दुकानाचे शेल्फ रिकामे झाले. व्यवस्था सचोटीची होती. मात्र ती एका अटीवर उभी होती: कोट मागवला तेव्हाचा रुपया आणि पैसे चुकते करतानाचा रुपया एकच असला पाहिजे.

१९२० चा हिवाळा

पहिले महायुद्ध संपल्यावर चांदी महागली आणि तिच्याबरोबर रुपया वर चढू लागला. फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने रुपयाचा दर सोन्याच्या २ शिलिंगांवर ठेवण्याचे धोरण जाहीर केले. बाजारात, कागदी शिलिंगांत मोजता, तो २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास गेला होता. आयात करणाऱ्याला असा सुवर्णकाळ पुन्हा कधी मिळायचा! १० शिलिंगांचा कोट साडेसातऐवजी जेमतेम साडेतीन रुपयांत. युद्धाच्या वर्षांत माल आलाच नव्हता, गिऱ्हाईक टपून बसलेले. मुंबईतल्या देशी-विलायती सगळ्या आयातदारांनी मिळेल तेवढ्या मालाच्या मागण्या नोंदवल्या.

माल यायला लागले महिने. गिरण्यांकडे युद्धानंतरच्या मागण्यांचे डोंगर होते. मधल्या काळात सरकारने दर टिकवायला लंडनमधली गंगाजळी उधळली आणि सप्टेंबर १९२० मध्ये हात टेकले. १९२१ च्या सुरुवातीला रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली आला.

त्याच कोटाचा हिशेब पुन्हा करू. मागणी नोंदवताना किंमत धरली साडेतीन रुपये, विक्रीचा भाव ठरवला दीडपटीने रु. ५-४-०. खोकी गोदीत उतरली तेव्हा १० शिलिंग चुकते करायला साडेसात रुपये लागतात. पूर्ण भावाने विकला तरी प्रत्येक कोटामागे सव्वादोन रुपये घरचे घालायचे. भाव वाढवून रु. ११-४-० करावा, तर विलायतेत त्याच सुमारास मंदी येऊन कारखान्यांचे भाव कोसळले होते, आणि सहा महिने थांबून मागवणारा शेजारी तोच कोट स्वस्तात आणू शकत होता. त्यात १९२१ च्या अंदाजपत्रकात सुती कापडावरची आयात जकात साडेसातवरून ११ टक्क्यांवर गेली.

अनेक देशी कापड व्यापाऱ्यांनी २ शिलिंगांपेक्षा कमी दराने जुनी देणी भागवायला चक्क नकार दिला. सरकारने शब्द दिला होता, त्यावर विश्वास ठेवून आम्ही सौदे केले, असे त्यांचे म्हणणे, आणि मला ते रास्त वाटते. गोदामे मालाने भरली आणि माल कोणी सोडवून घेईना.

आधीच्या हिशेबात हंगामातले सात जण सवलतीची भरपाई करत होते. इथे भरपाई करणारा कोणीच उरला नाही. सेल लावायचा तर तो निव्वळ दुकानदाराच्या भांडवलातून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सेल सारखेच दिसतात. तीच लाल पेन्सिल, तेच खोडलेले भाव. आत मात्र एकात दुकान कमावत असते आणि दुसऱ्यात रक्त सांडत असते. काउंटरला उभा राहणाऱ्या माणसाला हा फरक मालकाच्या चेहऱ्यावर कळतो.

भाव उतरवून न खपणारा माल

याच महिन्यांत तिसरी गोष्ट घडली. ३१ जुलै १९२१ ला, लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळला एल्फिन्स्टन मिलजवळ गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास केलेली होळी महाराष्ट्राच्या आठवणीत होतीच. या वेळी ती देशभर पेटली. १९२०-२१ मध्ये १०२ कोटी रुपयांचे परदेशी कापड देशात आले होते. १९२१-२२ मध्ये ते ५७ कोटींवर आले.

ही घट केवळ बहिष्काराची होती असे मी म्हणणार नाही. विनिमयाच्या दराने भाजलेले व्यापारी तसेही नवी मागणी नोंदवायला तयार नव्हते, आणि परदेशी माल न मागवण्याच्या शपथा घेणे त्यांना त्या वर्षी सोपे गेले. देशप्रेम आणि पडून असलेला माल, दोन्ही एकाच वेळी खरे होते. त्यामुळे त्या शपथांचे मोल कमी होत नाही. 

दुकानदाराच्या बाजूने बघितले तर बहिष्कार हा मंदीपेक्षा अवघड. मंदीत गिऱ्हाइकाकडे पैसा नसतो, भाव उतरवला की त्यातले काही जण येतात. बहिष्कारात गिऱ्हाइकाकडे पैसा असतो पण ते दाराशी येत नाही. पाव उतरवा, निम्मा उतरवा, फुकट द्या. ज्या कापडाची आपण परवा होळी केली, ते आज स्वस्त मिळते म्हणून अंगावर कोण घालील? १९३० मध्ये तर केशरी साड्या नेसलेल्या देशसेविका मुंबईच्या कापडबाजारात दुकानांसमोर उभ्या राहू लागल्या. दुकानात शिरणाऱ्याला त्या हात जोडून विनवत. सेलची जाहिरात वाचून आलेली बाई त्या जोडलेल्या हातांसमोरून आत जाणे कठीण. त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू त्या ट्रकखाली गेले. हॉर्नबी रोडपासून ती जागा पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

गोऱ्या गिऱ्हाइकांवर चालणारे दुकान या सगळ्यातून तगले असते. पण व्हाइटवेचा पाया रुंद होता तो पगारदार हिंदी माणसामुळे. रोखीचे, स्वस्तातले, एकच भावाचे दुकान त्याच्यासाठीच होते. त्याने पाठ फिरवली तर सेल कोणासाठी लावायचा?

त्याच कमानींखाली

पुढे त्या इमारतीत खादी भांडार आले. हॉर्नबी रोडच्या कमानी १८९६ च्या सरकारी नियमाने आलेल्या. प्रत्येक इमारतीने खालच्या मजल्याला कमानींची ओवरी ठेवलीच पाहिजे असा तो नियम. पावसात न भिजता दुकानांच्या खिडक्या बघत चालता यावे, ही सोय खादीच्या गिऱ्हाइकालाही मिळाली.

खादीच्या व्यापारातही व्हाइटवेचे दोन्ही नियम होते, एकच भाव आणि रोख पैसे. पण किंमत ठरवण्याची दिशा उलटी. १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचे ठरवले. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळाले पाहिजेत, असा गांधीजींचा आग्रह होता. तितकी वाढ एकदम पेलणारी नव्हती, तरी मजुरी वाढली आणि तिच्याबरोबर खादीचा भावही. विठ्ठलदास जेराजाणींसारखे, मुंबईत खादी भांडार चालवणारे लोक हा पेच रोज अनुभवत असणार. माल आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग, आणि संघ सांगतो आहे की आणखी महाग करा, कारण खेड्यातल्या बाईचे पोट त्यावर आहे. दुकानदारीच्या कुठल्याही नियमाने हा निर्णय चुकीचा. मला तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. इथे पहिल्यांदा कोणीतरी उघडपणे विचारले की, कमी भावाचे ओझे कोणाच्या पाठीवर जाते?

स्वातंत्र्यानंतर यावर उपाय निघाला तो सरकारी रिबेटचा. १९५३ मध्ये खादी व ग्रामोद्योग मंडळ झाले, १९५६ च्या कायद्याने आयोग आला. कातणाऱ्याची मजुरी कमी करायची नाही, भांडाराला तोटा होऊ द्यायचा नाही, आणि तरी गिऱ्हाइकाला माल स्वस्त द्यायचा, तर मधला फरक सरकारी तिजोरीने भरायचा. बारमाही सवलत असे, आणि गांधी जयंतीपासून जादा सवलत. माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत वर्षाची खादी ऑक्टोबरातच घेतली जाई. शिक्षक, कार्यकर्ते, बँकेतले लोक. वडिलांचे दोन नेहरू शर्ट, आईला एक साडी, सतरंजी लागलीच तर ती.

हेतू चांगला होता, पण हंगामाने इथेही पाठ सोडली नाही. गिऱ्हाईक ऑक्टोबरची वाट बघू लागले आणि बाकीचे महिने भांडारात शुकशुकाट. खेड्यात चरखा वर्षभर फिरतो, कापड वर्षभर विणले जाते, विक्री मात्र काही महिन्यांत. मधल्या काळात संस्थेचे भांडवल ताक्यांत अडकलेले. त्यात रिबेटची रक्कम संस्थेने आधी गिऱ्हाइकाला सोडायची आणि मग सरकारकडे मागायची. मागणीचे कागद फिरत राहत. व्हाइटवेने ज्या उधारीला दारात उभे केले नव्हते, ती उधारी खादी संस्थांच्या खतावणीत सरकारच्या नावाने येऊन बसली.

१ एप्रिल २०१० पासून पद्धत बदलली. विक्रीवरच्या रिबेटऐवजी उत्पादनावर साहाय्य आले: तयार मालाच्या किमतीच्या २० टक्के. त्या वेळी त्याची वाटणीही ठरवून दिली; हे टक्के पुढे बदलले. २५ टक्के कातणारे-विणणारे, ३० टक्के उत्पादन करणारी संस्था, ४५ टक्के विक्री करणारी संस्था. म्हणजे १०० रुपयांच्या कापडावर २० रुपये आले, तर ५ कारागिराला, ६ उत्पादक संस्थेला, ९ भांडाराला. सूट द्यायची की दुकान नीट करायचे, नवे डिझाइन आणायचे की आणखी काही, हे भांडाराने आपल्या वाट्यातून ठरवायचे.

माझे मत सांगतो. तेव्हा कारागिराचा वाटा सगळ्यात लहान ठेवला हे मला पटलेले नाही. पण पहिल्यांदाच सवलतीच्या पैशाला पत्ता मिळाला. पूर्वी गिऱ्हाइकाला वाटे की २० टक्के कमी झाले म्हणजे भांडाराने मन मोठे केले. आता निदान कागदावर तरी दिसते की कोणाचे किती.

गेल्या ऑक्टोबरात मी एका खादी भांडारात शर्टाचे कापड घेतले. काउंटरवरच्या बाईंनी ताका उलगडला, लोखंडी मीटरपट्टीवर अडीच मीटर मोजले, काठाजवळ कात्रीने इंचभर छेद दिला आणि पुढचे हाताने फाडले. हातसूत सरळ फाटते, आवाजही गिरणीच्या कापडापेक्षा जाड येतो. बिलावर मूळ किंमत, खाली सूट, खाली बाकी. मी विचारले, ताई, ही सूट तुम्हाला परत मिळते का? त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, आधी द्यायची, मग हिशेब जातो वर. आणि ताका गुंडाळत त्यांनी उरलेले कापड फळीवर ठेवण्यापूर्वी आत खोचलेल्या चिठ्ठीवर उरलेले मीटर पेन्सिलीने लिहिले.